तसंही करता येतं

जुन्या ट्रकचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा, बदलायला अक्कल लागते, असं लोक उगाच म्हणतात. मी बदलला की!

ट्रक इंगवाल्ड आजोबांचा. माझ्या आईपेक्षाही वयाने मोठा. आजोबा म्हणाले होते, "शनिवारी चालू झाला तर तुझा. नाही झाला, तर सोमवारी भंगारवाला येतोय." एवढं बोलल्यावर त्यांचा वर्षभराचा बोलण्याचा कोटा संपला.

आता फक्त टायमिंग उरलं होतं. ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. मी पुलीवरची खूण शून्यावर आणली, डिस्ट्रिब्युटर आत सोडला आणि बोल्ट आवळला. बॅटरी मरगळलेली, म्हणून फळीवरचा चार्जर लावला. त्याच फळीवर आजीच्या रूबार्ब जामच्या बरण्या होत्या. किती नीटनेटकं काम!

आमच्या नॉर्थ डकोटात कुणी बॉनेट उघडलं की त्याचा वास वाऱ्यावर जातो बहुतेक. शेजारचे सेल्मरकाका आले, मागोमाग आर्विडमामा आले. आजोबांसकट तिघं म्हातारे कॉफीचे मग घेऊन मडगार्डवर कोपरं टेकून उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. मूर्तीकडे बघावं तसे!

"हं," सेल्मरकाका म्हणाले. "आमच्या वेळी लोक प्लगच्या भोकावर बोट ठेवून बघायचे, हवा ढकलते का ते."

"आता गरज नाही काका! खूण आहे ना!"

"तसंही करता येतं," आर्विडमामा म्हणाले.

मला भरून आलं. आर्विडमामा कौतुक करतात? ते स्वतःच्या लग्नातही "ठीक आहे" एवढंच म्हणाले होते!

"बघाच आता," मी म्हणालो. "नवा कॅम आहे, नुसता स्टार्टर मारत बसलं तर घासून जातो. पहिल्या झटक्यात पेटला पाहिजे!"

आणि पेटला. ट्रक नव्हे, कार्बोरेटर!

असा धडाका झाला की कोठारावरची कबुतरं कॅनडात पोचली असतील. बॉनेटखालून पुरुषभर उंच, निळीजांभळी ज्वाळा उठली. इतकी सुंदर, की विझवायचं कुणाला सुचेचना. सेल्मरकाकांनी चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढली. आर्विडमामांच्या टोपीचा शेंडा धुमसत होता.

"जरा गरम आहे," ते म्हणाले.

ज्वाळा आपोआप विझली. माझी एक भुवई सोबत घेऊन गेली.

मग आजोबांनी खाकरून घसा साफ केला. "ती खूण दोनदा जुळते. एकदा ठिणगी हवी असते तेव्हा, आणि एकदा अजिबात नको असते तेव्हा."

"म्हणजे मी उलटा बसवलाय? तुम्हाला माहीत होतं?"

तिघांनी मगात बघितलं.

"मग बोलला का नाहीत!"

"तुझं चाललं होतं," सेल्मरकाका म्हणाले. "मधे कशाला बोलायचं?"

"आणि मामा, तुम्ही तर म्हणालात, तसंही करता येतं!"

"म्हणालो ना," आर्विडमामा दुखावल्या आवाजात म्हणाले. "याहून स्पष्ट काय बोलणार?"

मी बोट ठेवून बघितलं, डिस्ट्रिब्युटर उपसला, अर्धा फिरवून बसवला आणि जीव मुठीत धरून चावी फिरवली.

काय सांगू! तो आवाज! जमीन गुरगुरली, मगांतली कॉफी थरथरली, आणि आठही सिलिंडर एका सुरात गाऊ लागले. नवा कॅम मुरेपर्यंत इंजिन हळू करायचं नसतं, म्हणून वीसेक मिनिटं ते गरजत राहिलं. आम्ही चौघंही आ वासून उभे! ठिणगीच्या तालावर लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची ती फिरती खूण जागच्या जागी थिजलेली दिसत होती. आजोबांचे डोळे ओले होते. धुरामुळे असेल.

"वाईट नाही," ते म्हणाले आणि चावीकडे बोट केलं. ट्रक माझा!

मी टुणकन आत बसलो, बाजूच्या आरशात नजर टाकली आणि रुबाबात रिव्हर्स टाकला. आरशात आर्विडमामांचे ओठ हलले. आवाजात काही ऐकू आलं नाही, पण शब्द ओळखता आले.

"तसंही करता येतं."

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. पण तोवर बॅटरीला लावून विसरलेल्या चार्जरची वायर संपली होती. मी आज जे जे बसवलं, त्यात त्याचे चिमटे सगळ्यांत घट्ट होते. आधी चार्जर आला, मग फळी आली, मग सगळा रूबार्ब.

आजी दारात आली. जमिनीकडे बघितलं, माझ्या उरलेल्या भुवईकडे बघितलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "यंदा जाम तसाही जरा गोडच झाला होता."

म्हणजे किती चिडलीय, ते आता मला बरोबर कळतं.