अंतर्गत चोरीप्रतिबंधक कपाट

छोट्या धंद्याला बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या माणसाचा धोका मोठा असतो. बाहेरच्या चोराला कुलूप फोडावं लागतं, माल शोधावा लागतो, कुत्र्याशी जुळवून घ्यावं लागतं. आतला माणूस सकाळी वेळेवर येतो आणि वर पगारही घेतो. हे सत्य आपल्या कपाटवाल्याला पंचेचाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, त्यामुळे त्याचा धंदा इतकी वर्षं निव्वळ अज्ञानावर बरा चालला होता.

त्याचा लाकडी कपाटांचा कारखाना होता. (कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मागे पत्र्याची शेड आणि सगळीकडे भुसा.) कपाटं करायचे दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पॉलिश आणि गिऱ्हाइकं ताईकडे. कपाटवाल्याकडे मालकी होती आणि चोरकप्पे होते. प्रत्येक कपाटात एक चोरकप्पा तो स्वतःच्या हाताने बसवायचा, दर वेळी नव्या जागी, आणि ती जागा फक्त गिऱ्हाइकाच्या कानात सांगायचा. दाजींनासुद्धा नाही. त्याच्या कपाटांचं नाव झालं होतं ते या कप्प्यांमुळे.

असं सगळं सुरळीत चालू असताना त्याने अंतर्गत चोरीवरचं एक व्याख्यान ऐकलं. व्याख्याते थोर होते. धंदे कसे बुडतात हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होतं, कारण त्यांचे स्वतःचे सगळे बुडाले होते. ते म्हणाले, "ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे, त्याच्यापासून सुरुवात करा." व्याख्यानानंतर त्यांची छत्री दाराशी सापडेना. पण सभागृहात सगळे मालकच होते, त्यामुळे तिला चोरी म्हणता येत नाही; नजरचूक म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यात संरक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्ष कपाटवाला, सचिवपदासाठी भरवशाचं माणूस न मिळाल्याने सचिवही तोच. समितीने एकमताने ठराव केले. चोरपावलांनी चालण्यास मनाई. सर्वांनी पाय आपटत चालावे. चोरून बघण्याचा अधिकार अध्यक्षांकडे राखीव. बाहेर पडताना अंग झटकावे, कारण भुसा हाही माल आहे. घरी जाताना डबे उघडून दाखवावेत. (ताईने पहिल्याच दिवशी खरकटा डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बघितलास ना? मग आता घासून ठेव." समितीने तो घासला.)

आणि सर्वांत महत्त्वाचा ठराव असा, की किमती हत्यारं उघड्यावर ठेवू नयेत. मग ठेवायची कुठे? दाजींना माहीत नसलेली जागा कारखान्यात एकच होती. दाजी आणि ताई शेडमध्ये जेवायला बसले, की कपाटवाला हाताला येईल ती वस्तू उचलून समोर तयार असलेल्या कपाटाच्या चोरकप्प्यात सारायचा. कुठे ठेवलं ते लिहून ठेवायचा नाही, कारण लिहिलेलं चोर वाचतो. लक्षातही ठेवायचा नाही, कारण तो झोपेत बडबडतो अशी बायकोची तक्रार होती. ज्या जागेचा पत्ता मालकालाच नाही, ती चोराला काय सापडणार? संरक्षणशास्त्रात याहून वरची पायरी नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिथल्याच कपाटाचा कप्पा उघडायचा, तर आत काही नाही! (हे कपाट कालचंच का, हा प्रश्न समितीसमोर आलाच नाही. कपाटं सगळी सारखी दिसायची, आणि तयार झालेली ताई जेवण उरकताच टेम्पोत चढवून द्यायची.) आधी मोठा रंधा गेला. मग पटाशी. मग पितळी मुठींचा अख्खा खोका. संरक्षण वाढवावं तशी चोरी वाढत होती. चोर घाबरलाय म्हणूनच घाईने काम उरकतोय, असा निष्कर्ष समितीने काढला. शेवटी बाकड्यावर ठेवलेला दाजींचा चष्माही गेला. तेव्हा तर खात्रीच पटली. स्वतःवरचा संशय हटवायला चोर दुसरं काय करणार?

"दाजी, बसा," कपाटवाला म्हणाला. "तुम्ही चोर आहात असं ठरलंय. चहा घेणार?"

दाजींनी डोळे बारीक करून त्याला शोधलं. "कुणी ठरवलं?"

"समितीने."

"म्हणजे तू."

"बहुमताने."

दाजींनी कानावरची पेन्सिल काढून बाकड्यावर ठेवली. "ही तुझी. आली तेव्हा लांब होती. उरलेली मी खाल्ली असं ठरव." आणि ते पाय न आपटता निघून गेले.

बाप गेल्यावर याच माणसाने कपाटवाल्याला रंधा धरायला शिकवलं होतं. पण त्याने मन घट्ट केलं, आणि चहावाला, न्हावी नि टेम्पोवाला यांना ही बातमी कुणालाही न सांगण्याच्या अटीवर सांगितली. चहा निवायच्या आत गल्लीभर झाली.

मग ताई आली.

"गाढवा! ह्यांना चोर म्हणालास? जीभ कशी उचलली तुझी?" तिने शेजारच्या, अजून टेम्पोत न चढलेल्या कपाटावर अशी मूठ आपटली, की कपाट हादरलं, चोरकप्पा खटकन उघडला, आणि दाजींचा चष्मा तिच्या पायाशी पडला.

चोरी अंतर्गत आहे, हे व्याख्यात्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. किती अंतर्गत, एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

कपाटवाला चष्मा दोन्ही हातांत धरून धावत सुटला आणि दाजींच्या पायांवर पडला. दाजींनी चष्मा लावला आणि त्याला नीट बघून घेतलं.

"तू चोर नाहीस, मूर्ख आहेस," ते म्हणाले. "मी दोन्ही नाही. पण हे गल्लीला कोण पटवणार? तू सांगशील तर म्हणतील, घरच्याला पाठीशी घालतोय. ज्यांच्या कपाटातून माल गेलाय, त्यांतल्या एकाने चारचौघांत येऊन सांगू दे. एकानेच. त्या दिवशी कामावर येतो."

कपाटवाल्याला हुश्श झालं. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे एकेक सज्जन माणूस! तो घरोघर गेला. मुख्याध्यापकांनी कानांवर हात ठेवले. आपल्या कपाटाला चोरकप्पा आहे हेच त्यांना नवीन होतं. (बायकोला दिसता कामा नये, म्हणून त्यांनीच जागा दोनदा बदलून घेतली होती.) डॉक्टर म्हणाले, असल्या मुठी आम्ही जन्मात पाहिल्या नाहीत, आणि त्यांनी नव्या पितळी मुठीला धरून दार लावून घेतलं. एका निवृत्त न्यायाधीशांनी, आत्ता दुसरं कपाट घेतलं तर त्यात काय निघेल, याची चौकशी केली.

कपाटांना मात्र अशी मागणी आली की विचारू नका. लोक येतात, कपाट हलवून बघतात, आणि खडखडणारं आहे का विचारतात. ते करायला दाजी नाहीत, ही धंद्यातली एक किरकोळ अडचण.

समितीचा अंतिम अहवाल असा: शंभर टक्के गिऱ्हाइकांनी चोरकप्पे उघडून बघितले, आणि शंभर टक्के गिऱ्हाइकांना काहीही सापडलं नाही.

दाजी अजून घरीच आहेत. दारावर कुणाची सावली पडली की ताई हातातलं काम टाकून उठते. हवाय फक्त एक माणूस. आता सगळी भिस्त तुमच्यावर, कारण तुम्ही वाचणारी माणसं, तुमच्यावर संशय घेतला तर जीभ झडेल. तेव्हा एवढं करा, उठून तुमचं कपाट जरा हलवून बघा. आवाज आला? वा! मग चला की, दाजी वाट बघतायत.

अहो, दाराला आतून कडी कशाला लावताय?