तपशील बदलून

"तपशील बदलून सांगते," टाचणी म्हणाली आणि मंडळातल्या सगळ्यांनी पेनं सरसावली.

पैशांच्या बाबतीत लोकांना मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागारांचं ते मंडळ. प्रत्येकाचं केंद्र गावाच्या वेगळ्या टोकाला. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचं, एकानं आपल्याकडचं अडलेलं प्रकरण मांडायचं आणि बाकीच्यांनी अक्कल पाजळायची. नियम एकच: ओळख पटू नये म्हणून नाव, धंदा, मुलंबाळं सगळं बदलून सांगायचं. हा नियम चक्रवाढनं लिहिला होता. तो कोणालाही, कुठेही चक्रवाढ व्याज समजावू लागे, म्हणून हे नाव पडलं होतं. टाचणी मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ, आणि कुणाच्याही फुग्याला हमखास सापडणारी.

"नवरा शिंपी. दोन मुली," टाचणी सांगू लागली. "जगाला शहाणपण शिकवतो आणि घरी बायकोच्या प्रत्येक खर्चाला फाटे फोडतो. दात घासतानासुद्धा हिशेब. तिला त्याच्या नकळत वेगळं खातं काढायचंय."

"काढायलाच हवं," चक्रवाढ म्हणाला. "फोनचं कुलूप आधी बदला म्हणावं. आणि नवऱ्याशी बोलत बसू नका. असल्या माणसांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो आणखी काही सुचवणार, तेवढ्यात त्याची जीभ अडखळली. दात घासताना? त्याच सकाळी त्यानं तोंडात फेस असताना बायकोला महागाईचा दर समजावला होता.

घरी जाताना त्यानं शास्त्रशुद्ध विचार केला. तो शिंपी नव्हता, म्हणजे धंदा बदललेला. त्याला दोन मुली नव्हत्या, एकच मुलगा होता, म्हणजे मुलंही बदललेली. जे जुळत होतं तो पुरावा होता, आणि जे जुळत नव्हतं ते मुद्दाम बदललेलं, म्हणजे तर पक्का पुरावा. सुटायला कुठे फटच नव्हती. त्याचा संसार मोडायला निघाला होता आणि वाट त्यानंच दाखवली होती.

बायको चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. तिचा फोन टेबलावर होता. त्यानं उचलला, उघडून पाहिला. उघडेना.

"याचं कुलूप कधी बदललंस?"

"तूच म्हणालास ना, जन्मतारीख ठेवू नकोस म्हणून."

"मी? कधी?"

"दात घासताना."

त्या दिवसापासून तो तिच्या आधी पत्रपेटी गाठू लागला. तिच्या नावाची पाकिटं उजेडात धरून पाहू लागला. शेवटी राहवेना, तेव्हा त्यानं गॅलरीत जाऊन टाचणीला फोन लावला.

"ताई, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"नियम तूच लिहिलायस."

"एवढंच सांगा, त्यांचा चष्म्यांशी काही संबंध?"

"फोन ठेव."

वळून बघतो तर दारात बायको.

"कोण होतं?"

"कोणी नाही."

"कोणी नाहीला ताई म्हणतात का?"

त्यानं विषय बदलायला हवा होता. तो म्हणाला, "तू सुखी आहेस ना?"

बायकोनं हातातले कपडे दोरीवर तसेच टाकले. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढताना बघायची, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. "काय करून ठेवलंयस?"

"मी? काही नाही."

"बरं," ती म्हणाली. हे बरं काही बरं नव्हतं.

पुढच्या बैठकीत टाचणीनं सुरुवातीलाच सांगितलं, "गेल्या खेपेच्या बाईंनी सांगायला परवानगी दिलीय. आजीबाई आहेत, पणतू आहेत त्यांना. शेवटी नवऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, माझंही एक खातं आहे."

सगळे हसले. चक्रवाढ इतका हसला की शेजाऱ्यानं त्याला पाणी दिलं.

"आता नवं प्रकरण. तपशील बदलून." या वेळी टाचणी कागदावरून नजर वर उचलत नव्हती. "नवरा औषधविक्रेता. घरात दोन कुत्री. हल्ली बायकोच्या आधी पत्रपेटी गाठतो. पाकिटं उजेडात धरतो. कुठल्याशा ताईशी हळू आवाजात बोलतो, विचारलं तर म्हणतो कोणी नाही. आणि मध्येच विचारतो, सुखी आहेस ना."

चक्रवाढला त्या बाईची कीव आली. असला नवरा, त्यात दोन कुत्री.

"यात विचार कसला करायचा?" तो म्हणाला. "कर्ज करून बसलाय, नाहीतर भानगड आहे. बहुधा दोन्ही. तिनं आपले पैसे आजच्या आज वेगळे काढावेत."

"समजा तसं काही नसेल," टाचणी सावकाश म्हणाली. "समजा माणूस सरळ असेल, नुसता मूर्ख असेल."

"मग तर थांबूच नका. कर्ज निदान फिटतं."

टाचणीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, भिंतीवर डकवलेल्या नियमाकडे पाहिलं आणि मिटलं.

"हेच सांगू तिला?"

"अगदी याच शब्दांत सांगा."

चक्रवाढ पिसासारखा हलका होऊन निघाला. आपण बायकोवर विनाकारण संशय घेतला, याची त्याला लाज वाटली. वाटेत त्यानं तिच्यासाठी फुलं घेतली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बायकोनं दार उघडलं. फुलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आज काय विशेष?"

"काही नाही. सहज."

तिनं फुलं घेतली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून फोन लावला.

"मॅडम," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता फुलंसुद्धा आणलीत."