डॉक्टरीच्या परीक्षेतला वानोळा

परीक्षा घेणारे थकतील, पण मी अडणार नाही, अशी माझी तयारी होती! शरीरातली सगळी हाडं इंग्रजीत पाठ होती. विलायतेतल्या नद्यासुद्धा; डॉक्टर व्हायला त्याही लागतात, असं अमरावतीचे जाणकार सांगत. डॉक्टरी शाळेत वऱ्हाडासाठी जागा एकच, आणि निवड तोंडी परीक्षेवर, अमरावतीच्या एका बंगल्यात. ती जागा मला हवी होती. दुसरा विचारच नव्हता.

सोबत आत्या होती, तानुबाई. आणि आत्यासोबत टोपलं.

"यात काय आहे, आत्या?"

"वांगे. मळ्यातला पयला तोडा. वानोळा नोको द्यायले?"

आमच्या हिवरखेडला नवं पीक निघालं की आधी ओळखीपाळखीत वाटायचं, मग आपल्या चुलीवर चढवायचं. हे वाटप आई करायची. आई मागच्या पौषात गेली. म्हणून टोपलं आत्याकडे आलं होतं, आणि ते घरी ठेव असं मला म्हणवलं नाही.

"इथं साहेबाला काही द्यायचं नाही हं! लाच समजतात. नाव खोडतात!"

"वानोळ्याले लाच म्हंतेत? कुठचे लोक व्हय हे!"

"आत्या!"

"बरं वं माय. साहेबाले नाई देत."

साहेबाला दिलं नाही. बाकी सगळ्यांना दिलं! मी विहिरीवर तोंड धुऊन येईपर्यंत व्हरांड्यातल्या झाडून साऱ्या उमेदवारांच्या हातात वांगी होती. टाय आवळलेली ती पोरं नवरदेवानं नारळ धरावा तशी वांगी धरून उभी! वानोळा नाकारायचा नसतो आणि भुईवर ठेवायचा नसतो, एवढं त्यांच्या आयांनी शिकवलेलं होतं.

"हे काय केलंस?"

"सारे आपलेच लेकरं. एकाले द्या अन् एकाले नाई, हे बरं दिसते काय?"

"परत घे!"

"दिलेला वानोळा? तुह्यं डोकं ठिकाणावर हाय नं?"

तेवढ्यात पहिला उमेदवार आत गेला. वांग्यांसकट!

परीक्षक डॉक्टर ओमप्रकाश जबलपूरकडचे. मराठी त्यांना येत होती, वानोळा येत नव्हता. "मुझे बैंगन देता है?" अशी गर्जना झाली आणि पोरगा बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर आला. रिकाम्या हातांनी. दुसऱ्याचंही तेच! तिसरा हुशार. त्यानं वांगी कोटाच्या खिशात कोंबली. वाकून नमस्कार करताना एक निसटलं आणि घरंगळत थेट साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. "छुपाके लाता है!" त्याला दुप्पट ओरडा. मी व्हरांड्यातून ओरडत होते, "अहो, ती वांगी ठेवा कुठंतरी!" पण मुलीनं सल्ला दिला की पोरं टोपी सारखी करतात, पुढं काही करत नाहीत.

बाकीचेही एकेक करून तसेच बाहेर आले. शेवटी मी. हात रिकामे.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "शाबास! एक तरी प्रामाणिक निघालं. बसा. जागा तुमची."

एकही हाड न विचारता! आता फक्त गप्प बसायचं होतं. मी बसलेच नाही.

"साहेब, ती वांगी आमची आहेत."

"क्या?"

मी वानोळा समजावून सांगितला. "त्यांचा काही दोष नाही. सगळ्यांची परीक्षा घ्या. मला जागा हवी आहे, साहेब, पण उरलेली नको."

"कहानी! सूर्यभान, पुरावा आणा! सगळी वांगी टेबलावर!"

सूर्यभान चपराशी दारात येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"पुरावा चुलीत हाय, साहेब."

"चुलीत?"

"मले वाटलं, वानोळा आला. तुमच्यासाठी भरीत करून राहिलो."

मागोमाग भाजल्या वांग्यांचा वास साक्ष द्यायला आत आला! डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि मुलांना परत बोलावलं. जेवणानंतर.

दुपारी सगळ्यांना तेच प्रश्न. हाडं झाली, नद्या झाल्या. शेवटचा प्रश्न, डॉक्टर का व्हायचं? माझ्याआधीची सगळी मुलं जनसेवेसाठी होणार होती.

मी म्हणाले, "आईच्या बाळंतपणात अकोल्याहून डॉक्टर आणला होता. पुरुष म्हणून त्याला ओसरीवर बसवलं. चहा दिला. त्याचा चहा संपायच्या आत आई गेली. मला आत जाता येईल अशी डॉक्टर व्हायचंय."

डॉक्टरांनी वही मिटली.

जागा मला मिळाली! हाडांवर, नद्यांवर की त्या उत्तरावर, हे मला ठाऊक नाही. हिवरखेडला मात्र पक्कं ठाऊक आहे. मी गावात पाय ठेवायच्या आत आत्यानं ते घरोघरी पोचवलं होतं.

"आत्या, मी वर्षभर रात्रंदिवस अभ्यास केला!" मी कळवळून म्हणाले.

"केला वं माय, कोन नाई म्हंते?" आत्या मायेनं म्हणाली. "पन वांगेही कवळे होते."