फक्कीचा बंगला

लातूर जिल्हा झाला, तेव्हा बदलीवर येणाऱ्या नोकरदारांना घरं विकून आपण मालामाल होणार, असं शेषेरावांनी ठरवून टाकलं. (ठरवायला भांडवल लागत नाही.) सासरे महादेवप्पांचं मत वेगळं होतं. दसऱ्यापर्यंत एक तरी घर खपवा, नाहीतर मुरुडला आमच्या दुकानात गूळ तोलायला या, असा त्यांचा निरोप होता.

कागदावरचा नकाशा गिऱ्हाईक उलटा धरतं आणि मान डोलावतं, हे शेषेरावांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने आख्खं घर आखलं. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, सगळं खऱ्या मापाचं! गिऱ्हाइकाने आत हिंडावं, भुलावं आणि बयाणा द्यावा.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कंधारहून बदलून आलेले कारकून केरबा आणि त्यांच्या पत्नी भामाबाई. भामाबाईंनी फक्कीच्या दाराशी चक्क चपला काढल्या. शेषेरावांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"हे स्वयंपाकघर, वहिनी. हा इथं नळ."

"नळाला पाणी येतं का?"

ऐन दुष्काळातला प्रश्न! शेषेरावांनी घाईघाईने बेडरूम दाखवली.

तेवढ्यात "टँकर आला!" अशी हाकाटी झाली. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या आणि पांढऱ्या रेषा पाहून थबकल्या. सरकारनेच रांगेसाठी फक्की मारली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. बघता बघता भिंतीभिंतीवर घागरी बसल्या. टँकर थेट हॉलमध्ये येऊन उभा राहिला.

"अहो, हे घर आहे!" शेषेराव ओरडले.

"असंना का! मधी घुसू नका, मागं व्हा," एक बाई खेकसली.

बेडरूमच्या कोपऱ्यात घागर धरून त्यांचीच बायको उभी होती.

"तुळजे, गिऱ्हाईक आलंय. बाहेर हो!"

"लई दिसांनी म्होरं नंबर लागलाय. म्या हलत न्हाई."

शेषेरावांना डोळ्यांसमोर गुळाच्या ढेपा दिसू लागल्या. भामाबाईंचा चेहरा मात्र खुलला होता.

"घ्याच हो हे घर! टँकर घरात येऊन राहिला, अजून काय पाहिजे?"

केरबांनी बयाण्यासाठी खिशात हात घातला. शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. (रांग न लावता मिळालेलं तेवढंच.)

"एकच अट आहे, भाऊजी," भामाबाई म्हणाल्या. "भिंती तेवढ्या बांधू नका. बांधल्या की टँकर बाहेर राहील."

केरबांचा हात खिशातच राहिला. शेषेरावांनी एसटी स्टँडची वाट धरली.

"मुरुडला निघालात जणू?" तुळजाबाईंनी विचारलं. "मंग आधी ही घागर घरी पोचवा. न सांडता नेणं तरी जमंल न्हवं?"