सुलाबाईंचा खांब

"दसऱ्यापर्यंत आमच्या डेअरीत संगणक आला नाही, तर नाव बदलीन!" सांगलीच्या संगणक क्लासमध्ये मुकुलने सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं. संगणक सुरू करायचं बटण कुठं असतं, हे कळून त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता! तो काळ असा, की संगणकाच्या खोलीत देवळात जावं तसं चपला काढून जावं लागे. अशा खोलीत उभं राहून मारलेली बढाई शपथेसारखीच धरली जाते, एवढं त्याच्या लक्षात आलं नाही.

मुकुल सांगलीच्याच गावभागातला, बी.कॉम. झालेला. नोकरी मात्र कुंडलजवळच्या एका खेड्यातल्या दूध संस्थेत, तीही हंगामी. पहाटे उठायचं आणि दारात येणारी प्रत्येक किटली मापून घ्यायची. बाह्या दुधात, चपला दुधात. अंगाला असा वास बसलेला, की रविवारी सांगलीला घरी गेला की गल्लीतली मांजरं त्याला दारापर्यंत सोडायला यायची. चेअरमन नानासो म्हणाले होते, "दसऱ्याच्या मीटिंगला तुला कायम करायचं बघू." पण मुकुलला त्या मापावर कायम व्हायचं नव्हतं! त्याला खुर्ची हवी होती, डोक्यावर पंखा हवा होता आणि पुढ्यात संगणक. संस्थेने संगणक घेतलाच, तर तो चालवायला गावात दुसरं होतंच कोण?

क्लासच्या वल्लरी मॅडमनी वाटही दाखवली. "नुसते आकडे कुणी वाचत नाही," त्या म्हणाल्या. "आकड्यांचं चित्र करा. जीपचा ड्रायव्हर बॉनेट उघडून बघत बसतो का? समोरच्या डॅशबोर्डवरचे काटे बघतो आणि ठरवतो. तुमच्या धंद्याचा तसा एका कागदाचा डॅशबोर्ड करून आणा. परीक्षा एकच. तो बघून तुमच्या साहेबांनी एका नजरेत निर्णय घेतला पाहिजे!"

झालं! पुढच्याच आठवड्यात मुकुलने गावातल्या मोठ्या दूधवाल्यांचे खांब काढले. ज्याचं दूध जास्त, त्याचा खांब उंच. क्लासचा प्रिंटर करकर करत काळंपांढरं छापायचा आणि त्या संगणकाला मराठी येत नव्हतं. म्हणून नावं मुकुलने हाताने लिहिली, खांब स्केचपेनने रंगवले आणि कागद मापाच्या टेबलामागे चिकटवला.

नानासो आले. पटक्याचा शेव मागे टाकून त्यांनी कागद खालून वर आणि वरून खाली बघितला.

"ह्यो सगळ्यात उंच कुनाचा?"

"बनुबाईंचा."

"आन् आमचा?"

मुकुलने बोट दाखवलं. चेअरमनांच्या घरचं दूध त्यांच्या मालकिणीच्या, सुलाबाईंच्या नावावर होतं. तो खांब तिसरा होता.

आता त्या गावात दसऱ्याचं पहिलं सोनं नानासोंच्या घरी, बेंदराला पहिला बैल नानासोंचा, यात्रेत पहिला नारळ नानासोंचा. भावकीतली थोरली पाती म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा मान! बनुबाई म्हणजे धाकट्या पातीतली, सुलाबाईंची चुलतजाऊ. दोघींच्या गोठ्यांत भिंत एक आणि दोघींत बोलणं बंद.

"दोन बोटं वाढीव की रं," नानासो हळूच म्हणाले. "कागद तुझाच हाय न्हवं?"

"तसं नाही करता येत, चेअरमनसाहेब! संगणक खोटं बोलत नाही!" मुकुल ताठ मानेने म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की संध्याकाळपर्यंत त्याने ते किटली घेऊन आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं.

संध्याकाळी खुद्द सुलाबाई आल्या. "ए, ह्यो माझा व्हय? आन् त्यो बनीचा?" त्यांनी पदर कमरेला खोचला. "बगतेच मी!"

त्या बघायला लागल्या आणि त्यांचं बघून सगळं गाव बघायला लागलं! ज्याचं नाव कागदावर होतं त्याला खांब वाढवायचा होता, ज्याचं नव्हतं त्याला कागदावर यायचं होतं. घरात चहापुरतं ठेवायचं दूधही डेअरीत येऊ लागलं. ताक बंद, लोणी बंद, मांजरांची वाटी पालथी. एका घरी वडूजचे पाव्हणे सोयरीक ठरवायला आले, तर त्यांच्यापुढे कोरा चहा! "चार म्हशी हायती म्हनता आन् चहाला दूध न्हाई?" असं म्हणून पाव्हणे पानसुपारी न घेताच उठले. गावात कुणी कुणाच्या घरी जाईना. मुकुल मात्र हवेत होता. दूध वाढलं, सगळं त्याच्या खांबांमुळे!

सुलाबाईंचा खांब तर असा वाढला, की वर दुसरा कागद जोडावा लागला. नानासो येता-जाता तो कागद बघायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. "मीटिंगला संगनकाचा ठराव मीच मांडतो," त्यांनी सांगून टाकलं. "तालुका संघाचं सायबबी येनार हायती. झकास कागद कर गड्या!"

मुकुलने रविवारी ही बातमी मॅडमना सांगितली. त्या म्हणाल्या, "छान. पण एकाच काट्यावर गाडी चालवू नकोस. वेग बघतोस, मग पेट्रोलही बघ. दूध किती ते दाखवलंस, आता दूध कसं तेही शेजारी दाखव."

मुकुलने लगेच फॅटचा तक्ता काढला. दुधाचं फॅट काढायचं, म्हणजे दुधात लोण्याचा अंश किती ते मोजायचं काम संस्थेत दुसऱ्याकडे होतं. थोरल्या घरचं दूध आलं की तो बिचारा मान खाली घालून निघेल तो आकडा लिहायचा. मुकुलने आकडे उतरवून घेतले, छापले, रात्री खोलीवर बसून रंगवले. रंग रेषेबाहेर जाऊ नये म्हणून जीभ दातात धरून रंगवले! नावं बघितली, रंग बघितले, कडा बघितल्या. खांब काय सांगताहेत, तेवढंच बघायचं राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीटिंग भरली. पुढे संघाचे साहेब, शेजारी नानासो, मागे गाव. बायका दाराकडेला, त्यात सुलाबाई एका टोकाला आणि बनुबाई दुसऱ्या. मुकुलने खाकरून दोन्ही तक्त्यांवरचं कापड ओढलं. "मंडळी, एका नजरेत संस्थेची तब्येत!"

मंडळींनी नजर टाकली. डावीकडे, दुधाच्या तक्त्यात, सुलाबाईंचा खांब आढ्याला भिडलेला. उजवीकडे, फॅटच्या तक्त्यात, त्याच नावावर नखाएवढा पिवळा ठिपका!

दाराकडून बनुबाईंचा आवाज आला. कित्येक वर्षांनी त्या जावेशी बोलत होत्या.

"आवं जाऊबाई, पान्हा म्हशीला फुटतोय का हापशाला?"

सगळी सभा खदखदून हसली! साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"किटली इसळल्यालं पानी ऱ्हायलं आसंल जरा!" सुलाबाई ओरडल्या.

"रोज?" साहेबांनी विचारलं. मग ते मुकुलकडे वळले. "काय हो, हे चित्र बरोबर आहे ना?"

नानासो अगदी मऊ आवाजात मुकुलला म्हणाले, "सांग की रं. संगनक खोटं बोलत न्हाई म्हनतोस न्हवं?" आणि मुकुलला कायम करायचा ठराव त्यांनी हळूच घडी घालून मांडीखाली सरकवला.

मुकुलला पंखा दिसला, खुर्ची दिसली. मग ती दोन्ही गेली आणि नुसती बिनपगाराची सांगली दिसायला लागली.

"साहेब," तो म्हणाला, "संगणक कधी कधी खोटं बोलतो."

"म्हणजे?"

"पावसाळ्यात सर्दावतो, साहेब! शिवाय त्याला मराठी येत नाही. गावातली माणसं त्याला नीट ओळखू येत नाहीत!" एकदा सुरुवात झाल्यावर मुकुल थांबेना. ज्या जिभेने त्याने संगणकाची आरती केली होती, त्याच जिभेने त्याची सालटी काढली.

"ऐकलंसा?" नानासो उठले. "असलं लबाड यंत्र आपल्याला नगो! त्यापरास मानूस बरा. चुकलं तर चुकलं म्हनून सांगतोय!" मांडीखालचा ठराव बाहेर आला. संगणक घ्यायचा नाही, हा पहिला ठराव एकमताने पास. मुकुलला कायम करायचं, हा दुसरा, तोही एकमताने. मापावरच! साहेबांनी दोन्ही तक्ते पुन्हा एकदा बघितले, सुलाबाईंकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

मीटिंगनंतर सुलाबाईंनी त्याला घरी बोलावून आग्रहाने चहा पाजला. इतका दाट चहा मुकुलने जन्मात प्यायला नव्हता. पाण्याचा थेंब नव्हता त्यात. पाणी सगळं डेअरीत पोचलं होतं!

रविवारी मॅडमनी भर वर्गात विचारलं, "मुकुल, तुझा डॅशबोर्ड बघून कुणी निर्णय घेतला का?"

"घेतला, मॅडम. एका नजरेत. एकमताने."

"शाब्बास! कोणता?"

"संगणक घ्यायचा नाही."

मॅडमनी क्षणभर विचार केला. अट निर्णयाची होती, कोणत्या निर्णयाची ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले, प्रमाणपत्र पुढे ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि गंभीरपणे विचारलं,

"नाव काय लिहू? जुनंच, की बदललंस?"