राजधानीतला गळका नळ

बसमध्ये चढण्याआधी प्लंबरने बायकोसमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पाना नाही, पक्कड नाही, वॉशर नाही. पिशवी तिने स्वतःच झाडून घेतली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढ्या काळात तीन सहली ठरल्या आणि तिन्ही कुणाच्या ना कुणाच्या मोरीत वाहून गेल्या. ही चौथी.

"आज तुमच्या हातात पाना दिसला," ती शांतपणे म्हणाली, "तर मी तिथूनच भावाकडे जाईन. चांगली महिनाभर. मग बसा नळाशी संसार करत."

ती बोलल्याप्रमाणे वागते, हे त्याला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं.

डोंगरावरचं ते शहर कोण्या एके काळची राजधानी. शत्रू वर येईपर्यंत दमून मरावा म्हणून राजाने ती एवढ्या उंचावर बांधली. शत्रू केव्हाच संपले. दमायचं काम आता तिकीट काढून येणाऱ्यांकडे आलं होतं. पायऱ्या चारशे, पण प्लंबरच्या गुडघ्यांना विचाराल तर नऊशे. वरच्या चौकातल्या दगडी कट्ट्यावर तो असा बसला, की खुद्द राजा उठवायला आला असता तरी त्याला 'उद्या बघतो' म्हणाला असता.

बायको राजवाडा बघायला निघाली. जाताना तिने चौकाकडे एकवार संशयाने पाहिलं. धोक्याचं काही दिसेना, तेव्हा ती कमानीआड गेली.

आणि त्याला ऐकू आलं. टप.

कट्ट्यामागच्या भिंतीत दगडी सिंह, त्याच्या तोंडात पितळी नळ. रडणारं पोर आईला आणि गळणारा नळ प्लंबरला, कितीही दमले तरी झोपू देत नाहीत. त्याने कानात बोटं घातली. राजघराण्याच्या माहितीची पाटी तीनदा वाचली. टप. शेवटी वाटलं, नुसत्या हाताने जरा पिळला तर तो काही धंदा होत नाही.

आटे झिजलेले. नळ त्याच्या हातात आला आणि सिंहाने अशी पिचकारी सोडली, की समोरच्या खाणावळीतलं एक गिऱ्हाईक जेवता जेवता आंघोळ करून मोकळं झालं. खाणावळवाला पाना घेऊन धावत आला. प्लंबरने कमानीकडे पाहिलं आणि पाना घेतला.

"मेन वॉल्व्ह कुठाय?"

"खाली. वेशीपाशी."

तो चारशे पायऱ्या उतरला, वॉल्व्ह बंद केला, चारशे चढला. आता वॉशर कुठून आणायचा? त्याने पायातली रबरी चप्पल काढली, खाणावळीच्या सुरीने टाचेतून एक चकती कापली आणि नळ बसवला. मग वॉल्व्ह उघडायला पुन्हा उतरला, पुन्हा चढला. पण तेवढ्या वेळात अख्खी राजधानी कोरडी पडली होती आणि कोणामुळे पडली ते सगळ्यांना कळलं होतं. लॉजमधला एक पाहुणा अंगभर साबणाने फेसाळलेला जाब विचारायला आला, आणि जाता जाता आपल्या खोलीतला शॉवर थेंबथेंब येतो, तेवढं बघाल का, म्हणाला. त्याच्यामागे शिंपीणबाई आल्या. मग मास्तर. मग ज्यांना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं अशा कुठल्या कुठल्या गल्ल्यांतल्या बायका. प्रत्येकीचं एकच म्हणणं, आलाच आहात तर.

नाही म्हणायला त्राण हवं; ते पायऱ्यांवर सांडलं होतं. बायकोला तेवढं कळू देऊ नका, म्हणून तो हात जोडायचा आणि मोरीत शिरायचा. चपलेची चाळण झाली, मग दुसरीची, आणि संध्याकाळी पाचच्या बसपाशी तो अनवाणी येऊन उभा राहिला.

बायकोने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"झिजल्या," तो म्हणाला. "फार फिरलो."

"हो ना," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. आता भावाचा विषय निघणार म्हणून तो जीव मुठीत धरून शेजारी टेकला. पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळल्या.

"तुमचेच मिस्टर ना हे? ताई, तुम्ही राजवाड्यात भेटून सांगितलंत म्हणून बरं. आमचं बेसिन दोन वर्षं तुंबलेलं हो."

प्लंबर हळूहळू बायकोकडे वळला. ती बाहेर बघत होती.

"या सगळ्यांना तू पाठवलंस?"

"सगळ्यांना नाही. सुरुवातीचे आपणहून आले, ते वरून दिसलं मला. राजवाडा केवढा आहे, कल्पना आहे का? दुपार झाली तरी निम्मा राहिला होता. मोकळे झाला असतात तर मागे येऊन 'आटप, बस चुकेल' लावलं असतंत. आज राणीच्या सज्जात तासभर बसले. एकटी. कुणी हाक मारली नाही."

बस उतरणीला लागली आणि तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

"पुढच्या वर्षी पलीकडच्या डोंगरावर जाऊ," ती डोळे मिटून म्हणाली. "सातशे पायऱ्या आहेत, आणि एक नळ धड नाही म्हणे. जाड तळाच्या चपला घ्या."