राजवाड्यामागची मेथी

रोज सकाळी मूठभर मोड आलेली मेथी खायची, एवढंच प्रतिमानं ठरवलं होतं. त्यात दुसऱ्याच्या घरचं काही खायचा विचार अजिबात नव्हता.

त्याचं असं झालं. जुलैमध्ये रक्त तपासलं, तेव्हा तिच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा अगदी सीमेवर येऊन उभा राहिलेला. अजून डायबिटीस नाही, पण चपला काढून दारात थांबलाय, असा. डॉक्टर वादिराज म्हणाले, एक छोटीशी गोळी सुरू करू या. आता, गोळी प्रतिमाला नवीन नव्हती. थायरॉईडची एक होतीच आणि तिच्याशी तिचं छान जमलंही होतं. रोज उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नवऱ्याशी बोलायच्या आधी. (पहिल्या तीन अटी डॉक्टरांच्या, चौथी तिची.) पण दुसरी गोळी म्हणजे वेगळंच प्रकरण. एक गोळी उशाशी कुठेतरी पडून असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन झाल्या की वारांची नावं छापलेली ती प्लास्टिकची डबी लागते, आणि ती डबी जेवणाच्या टेबलावर आली की बाई शेहेचाळिसाव्या वर्षी एकदम आजी दिसायला लागते.

तेव्हा प्रतिमानं दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. डॉक्टर बरं म्हणाले. रोज चाला, भात कमी करा, गोड बंद करा, मोड आलेली कडधान्यं वाफवून खा, असंही म्हणाले. एवढ्या मोठ्या वाक्यातलं 'मोड' तेवढं प्रतिमानं उचललं आणि ती घरी आली.

बेंगळुरूत माणसाला हवा मानवते, मटकीला नाही. पुण्यात रात्री फडक्यात बांधलं की सकाळी मोड तयार. इथे, येलहंका उपनगराच्या गारव्यात, दोन दिवस झाले तरी मटकी आपली जशीच्या तशी. प्रतिमानं पुरचुंडी आधी गॅसच्या शेगडीशेजारी ठेवली, मग गीझरखाली, आणि शेवटी वायफायच्या राउटरवर, कारण घरात चोवीस तास गरम असणारी वस्तू ती एकच. उपेंद्र, म्हणजे तिचा नवरा, सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर. त्याचा साहेब व्हिडिओ मीटिंगमध्ये अर्ध्या वाक्यावर गोठला, तेव्हा त्यानं राउटरवरचं ओलं फडकं दोन बोटांनी उचलून पाहिलं आणि इंटरनेटला मोड यायला साधारण किती दिवस लागतात, एवढंच विचारलं. त्याची स्वतःची साखरेची गोळी कधीच सुरू झालेली होती, त्यामुळे या विषयावर तो निवृत्त माणसाच्या शांतपणानं बोलत असे.

पण बघता बघता प्रतिमाचा हात बसला. मेथी झाली, मूग झाले. मग बायकांच्या एका ग्रुपवर कुणीतरी थायरॉईडला अमुक चांगलं म्हणून लिहिलं, कुणीतरी तमुक. प्रतिमानं भांडण नको म्हणून दोन्ही मागवलं. ब्रोकोलीचं बी आलं, सोयाबीन आलं. सगळ्याला मोड आणून ती सकाळी गोळी घेतली की पाठोपाठ वाटीभर कच्चंच खायची. गोळी आणि मोड एकदमच पोटात गेले की दोघं मिळून कामाला लागतील, असा तिचा हिशेब. आणि चालणं? ते ती उद्यापासून सुरू करणार होती. रोजच.

तिच्या या हाताची कीर्ती तिसऱ्या मजल्यावरच्या अहल्याअक्कांपर्यंत पोचली. अक्कांचं घराणं मूळचं मराठी, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनमधून कानडी येई, आणि प्रतिमाच्या मराठीला त्या 'तुमची ती नवी मराठी' म्हणत. दसऱ्याला त्यांच्या हॉलमध्ये बाहुल्या मांडल्या जात. भिंतीभर पायऱ्या, सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी, आणि खाली जमिनीवर पार्क. म्हणजे ट्रेमध्ये माती घालून त्यात नाचणी, मोहरी, मेथी पेरायची. आठवडाभर आधी पेरलं की नऊ दिवस ते हिरवंगार राहतं. मग त्यात राजवाडा, प्राणिसंग्रहालय, वरात, काय हवं ते मांडायचं. बाहुल्या बघायला अर्धं येलहंका लोटतं आणि अक्कांचा पार्क कसा आलाय यावर वर्षभर बोलतं.

"यंदा पार्क तू कर," अक्का म्हणाल्या. "माझी मेथी मागच्या वर्षी कुजली. तुझा हात चांगला आहे म्हणे."

या सोसायटीत अकरा वर्षं राहून प्रतिमाकडे कुणी मिरच्यांची देठंसुद्धा काढायला दिली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी माती घेऊन हजर. पार्क असा काही उगवला की बोलायची सोय नाही. पुढे नाचणीचं लॉन, कडेला मोहरीचं कुंपण आणि म्हैसूरच्या राजवाड्यामागे मेथीचं घनदाट रान. रोज संध्याकाळी प्रतिमा स्प्रेची बाटली घेऊन वर जायची, पाणी मारायची, आणि आलेल्या बायका 'हा पार्क कुणी केला' असं विचारेपर्यंत तिथेच काहीतरी नीटनेटकं करत राहायची.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो म्हैसूरपाकानं.

बाहुल्या बघायला आलेल्या बाईनं गोड खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा अक्कांच्या घरचा नियम. प्रतिमा पहिल्या दिवशी नको म्हणाली. साखर, डॉक्टर, दसऱ्यानंतरची टेस्ट, सगळं सांगितलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, स्वल्प घे म्हणाल्या आणि दोन वड्या ठेवल्या. प्रसाद म्हटल्यावर माणूस काय करणार? त्यात तो अक्कांचा म्हैसूरपाक. जाळीदार, तुपानं निथळणारा. प्रतिमानं डोळे मिटून खाल्ला. (डोळे पश्चात्तापानं मिटले होते, असं ती नंतर म्हणाली.)

डोळे उघडले तर समोर मेथी.

उतारा म्हणून चिमूटभर. सगळ्यांचं लक्ष वरातीकडे असताना तिनं राजवाड्यामागे हात घातला, चार काड्या खुडल्या आणि तोंडात टाकल्या. कडू लागल्या, म्हणजे गुण येणार. जिना उतरताना तिला इतकं हलकं वाटलं की जणू म्हैसूरपाक खाल्लाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची वडी होती. तिला चिमूट पुरेल असं वाटेना. तिसऱ्या दिवशी वडीही होती आणि पाकही. चौथ्या दिवशी अक्का म्हणाल्या, पार्क करणारीला एक जास्त. प्रतिमा प्रामाणिक बाई होती. जेवढं गोड खाल्लं तेवढी मेथी ती खात असे, एक काडी कमी नाही. पण मेथीला असला प्रामाणिकपणा झेपत नाही. राजवाड्याच्या मागे आधी पायवाट दिसायला लागली, मग मैदान. प्रतिमानं प्राणिसंग्रहालयातला हत्ती उचलून तिथं ठेवला. दुसऱ्या दिवशी हत्ती पुरेना, तेव्हा जिराफ आणला. त्याच्या पुढच्या दिवशी वरातीतला बँड राजवाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन वाजवू लागला, आणि नवरानवरी पुढे एकटीच राहिली.

घरी उपेंद्रनं एकदा विचारलं, दातात माती कसली. भाजी नीट धुतली गेली नसेल, असं ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. त्या दिवशी भाजी त्यानंच केली होती, हे तो बोलला नाही.

खंडेनवमीच्या संध्याकाळी अक्कांचा हॉल बायकांनी भरला होता. प्रतिमानं आपल्या वाटणीचं गोड संपवलं होतं आणि राजवाड्यामागची शेवटची दाट बट खुडून नुकतीच गालात धरली होती, तेवढ्यात अक्का तिच्याशेजारी सतरंजीवर येऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"यंदा उंदरांनी फार छळलं. पार्क खातात. आज दुपारी सगळीकडे औषध मारलं बघ."

प्रतिमाचं चावणं थांबलं. मग, चावणं थांबवल्यानं काही उपयोग नाही हे लक्षात येऊन, गिळणंही थांबलं. पण निम्मं आधीच खाली गेलेलं.

"कसलं औषध, अक्का?"

"उंदराचं."

"ते माणसाला बाधतं का?"

"माणूस पार्क कशाला खाईल?"

"नाही, आपलं चुकून. समजा."

"चुकून कसं खाईल? वाकायला लागतं."

समोरच्या बायका हसल्या. प्रतिमाही हसली, पण ओठ मिटून. आता हे विष असेल तर ताबडतोब सांगायला हवं. आणि सांगितलं तर अकरा वर्षांनी मिळालेली इज्जत येलहंका जंक्शनपर्यंत जाणार. मरण आणि लाज यांतलं काय जास्त लवकर संपतं, याचा तिनं प्रामाणिकपणे विचार केला. आपण मरून गेलो तर लोक उपेंद्रला भेटायला येतील, कशानं गेल्या म्हणून विचारतील, आणि तो सांगेल. कसा सांगेल तेही तिला दिसलं. तपशीलवार, एकेक पायरी समजावून. त्या विचारानं तिला धीर आला.

"अक्का, मी खाल्लं," ती म्हणाली.

"काय खाल्लंस?"

"रान."

एका बाईनं हातातली उसळ खाली ठेवली. अक्कांनी विचारलं, "आत्ताच, की कालपण?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणजे थोडं थोडं. साखरेसाठी, अक्का. तुम्ही म्हैसूरपाक देता, म्हणून त्यावर मेथी. अक्का, मी पोट धुऊन घ्यायला जाऊ का? रिक्षा मिळेल ना आत्ता?"

"बस खाली," अक्का म्हणाल्या. "औषध नाही, काही नाही. मघाशी तूच पाणी मारलंस, तेवढंच आहे त्याच्यावर. मी पाचव्या दिवशीच समजले होते. उंदीर मी जन्मभर बघितलेत, प्रतिमा. खाल्लेल्या जागेवर हत्ती आणून ठेवणारा उंदीर अजून बघितला नाही."

मग जे हसणं सुरू झालं ते मजल्यांवरून खाली गेलं. अक्का सगळ्यात जास्त हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी प्रतिमाच्या पाठीवरून हात फिरवला, मेथी हवी होती तर सांगायचं, घरात आहे की, म्हणाल्या, आणि घाबरलेल्या माणसाला गोड द्यावं म्हणून आणखी एक वडी तिच्या हातावर ठेवली. प्रतिमानं ती खाल्ली. आता उताऱ्याला काही शिल्लक नव्हतं.

दसरा उलटल्यावर तिनं रक्त दिलं. रिपोर्टच्या दिवशी उपेंद्र मुद्दाम रजा काढून बरोबर आला. (पाठिंबा द्यायला की बघायला, हे तिनं विचारलं नाही.) डॉक्टर वादिराजांनी पहिला कागद पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. साखरेचा आकडा थोडा का होईना, मागे हटला होता. आता गोळी नको, असंच चालू ठेवा, ते म्हणाले. प्रतिमानं उपेंद्रकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं खिडकीबाहेरचं झाड पाहायला घेतलं.

मग डॉक्टरांनी दुसरा कागद पाहिला. थायरॉईडचा आकडा मात्र चांगलाच वर गेला होता. सकाळच्या गोळीबरोबर काय घेता, त्यांनी विचारलं. प्रतिमानं उत्साहानं सगळं सांगितलं. सोयाबीनचे मोड, ब्रोकोलीचे मोड, सगळं कच्चं, ताजं, गोळीच्या पाठोपाठ. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

थायरॉईडच्या गोळीला पोट एकटीसाठी लागतं, ते म्हणाले. किमान अर्धा तास, तासभर असेल तर उत्तमच. तिच्या पाठोपाठ सोयाबीन आणि एवढा चोथा ढकलला तर गोळी धडपणे रक्तात पोचणार कशी? शिवाय कोबीच्या जातीचं कच्चं, रोज वाटीभर, हे थायरॉईडवाल्यांनी जरा बेतानंच घ्यावं. मोड जरूर खा, पण वाफवून आणि तासाभरानं. त्यांनी गोळी बदलून एक माप मोठी लिहून दिली.

"म्हणजे दुसरी गोळी नाही आली," उपेंद्र खिडकीकडे बघत म्हणाला. "आहे तीच वाढली."

प्रतिमानं ते ऐकलं नाही. तिला एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती. "पण डॉक्टर, दसऱ्यात जरा गोड झालं होतं. तरी साखर उतरलीच ना? म्हणजे मेथीचा गुण."

"मेथी वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ही तीन महिन्यांची सरासरी आहे. दसऱ्याचं गोड यात अजून पुरतं उतरलेलं नाही. ते पुढच्या वेळी दिसेल. जानेवारीत या."

बाहेर आल्यावर प्रतिमा पायरीवरच थांबली. पुढची टेस्ट जानेवारीत. म्हणजे संक्रांतीच्या सुमाराला. संक्रांतीला अक्कांकडून तीळगूळ येणार, शेंगदाणे-खोबरं येणार, साच्यात पाडलेली साखरेची चित्रं येणार, आणि तीही प्रसाद म्हणूनच. ती तशीच मागे वळली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, मला स्वल्प आधीची तारीख द्या.

मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. डिसेंबरमध्ये डॉक्टर नाहीत, ती म्हणाली. आधीची एकच जागा रिकामी होती, दिवाळी संपल्यावरचा पहिला सोमवार.

प्रतिमानं दसऱ्याच्या वड्यांवर दिवाळीचे लाडू बोटांवर मोजून पाहिले. मग तिनं संक्रांतच घेतली.